कानाचं मशीन डबीत पडून का राहतं: ज्येष्ठांच्या बहिरेपणाची तपासणी, यंत्र आणि पहिला महिना

घरातली वयस्कर माणसं क्वचितच म्हणतात, की मला ऐकू येत नाही. त्यांची तक्रार वेगळी असते. ‘तुम्ही सगळे पुटपुटता’, ‘हल्लीच्या मालिकांत नीट बोलतच नाहीत’, ‘ऐकू येतं रे, पण कळत नाही’. यातलं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा अक्षरशः खरं असतं आणि सगळी मेख तिथेच आहे. ते समजून न घेता यंत्र आणलं, की आठ दिवस कानात आणि पुढची चार वर्षं कपाटातल्या डबीत, असं त्याचं आयुष्य होतं.

ऐकू येतं पण कळत नाही, म्हणजे काय

कानाचे तीन भाग. बाहेरची नळी पडद्यापर्यंत जाते. पडद्यामागच्या मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडं असतात. त्याच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी शंखिका. शंखिकेत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात आणि आवाजाच्या कंपनांचं नसेला कळणाऱ्या विद्युत संदेशात रूपांतर करणं हे त्यांचं काम. एकदा मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. शंखिकेच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे, म्हणजे तीक्ष्ण आवाज पकडतात आणि वयानुसार झिजायला सुरुवात तिथूनच होते.

आता मराठी बोलण्याकडे बघा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट असतात. स, श, च, ट, ख, फ यांचा आवाज वरच्या पट्टीतला आणि क्षीण. शब्दाचा भरीव आवाज स्वरांतून येतो, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. म्हणून ‘सात’ आणि ‘साठ’, ‘पाच’ आणि ‘पास’, ‘भात’ आणि ‘हात’ हे त्यांना सारखेच वाटतात. कोणी तरी बोललं हे समजतं, काय बोललं ते निसटतं. अशा वेळी ओरडलं तर स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं जवळपास तिथल्या तिथेच राहतात. वर ऐकणाऱ्याला आवाज टोचतो आणि ‘ओरडतोस कशाला?’ हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

दोष कुठे आहे, हे आधी ठरवा

बहिरेपणाचे ढोबळ दोन प्रकार. आवाज आत पोहोचण्याच्या वाटेतच अडतो तो वहनदोष. त्यात कानात साचलेला मळ, फाटलेला पडदा, वर्षानुवर्षं वाहणारा कान, मधल्या कानात साठलेलं पाणी, रिकीब जागच्या जागी घट्ट होणं, अशी कारणं येतात. यातली बरीचशी औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतात. शंखिका किंवा नस कमजोर झाली की तो नसेचा बहिरेपणा. वय, गोंगाट, मधुमेह, गालगुंड, मेंदूज्वर, कानावर परिणाम करणारी औषधं ही त्याची कारणं. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन ही त्या औषधांतली माहितीतली नावं. हे उपचार सुरू असताना कानात शिटी वाजायला लागली तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. दोन्ही दोष एकत्रही असतात: सत्तरीच्या माणसाची नस थोडी कमजोर आणि वर कानात मळाचा बोळा.

मळाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त उपद्व्याप इथेच होतात. हेअरपिन, काडेपेटीची काडी, इअरबड यांनी मळ निघत नाही, तो पडद्याकडे ढकलला जातो. फलाटावर किंवा फूटपाथवर कान कोरून घेणं म्हणजे पडदा दुसऱ्याच्या हातात देणं. लसूण घालून कडवलेलं तेल हा तर घरोघरचा उपाय. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं, आणि पावसाळ्यात ओलसर तेलकट कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. डॉक्टर मळ मऊ करणारे थेंब तीन-चार दिवस घालायला देतात. त्या दिवसांत मळ फुगून ऐकू येणं आणखी कमी होतं. घाबरू नका, ते अपेक्षितच असतं. कान कधी वाहिलेला असेल, पडद्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर ते आधी सांगा. अशा कानात पिचकारीने पाणी मारत नाहीत.

थांबू नका, अशा वेळा

एका कानाने अचानक, एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं बंद झालं, तर ती तातडीची बाब आहे. ‘सर्दीने दडे बसले असतील’ म्हणून लोक आठवडा घालवतात. नसेला अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही जितका लवकर तितका जास्त उपयोगी पडतो. मधुमेह असेल तर ते डॉक्टरांना सांगायचं, कारण स्टेरॉइडने साखर वाढते. याशिवाय एकाच कानात सतत आवाज येऊन त्याच कानाने कमी ऐकू येणं, चक्कर, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, कानातून दुर्गंधीचा स्राव, यांपैकी काहीही असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. यंत्राचा विचार नंतर.

ऑडिओग्राम काढताना आणि वाचताना

क्रम असा: प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान बघून, मळ काढून घ्यायचा, मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, चाचणी. तिचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला असावा, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. चाचणीच्या आदल्या दिवशी मिरवणूक, फटाके, लग्नातला बँड टाळायचा. कान दमलेला असला की आकडे खोटे येतात.

चाचणी ध्वनिरोधक खोलीतच झाली पाहिजे. दुकानाच्या काउंटरवर किंवा सोसायटीच्या हॉलमधल्या मोफत शिबिरात, पंखा आणि रहदारीच्या आवाजात काढलेला आलेख प्राथमिक चाळणी म्हणून ठीक. त्यावरून यंत्र घेऊ नये. बाहेरच्या घोंगावण्यात खालच्या पट्टीचे बारीक आवाज बुडतात आणि माणूस आहे त्यापेक्षा जास्त बहिरा ठरतो.

आलेखात आडवी रेघ पट्टीची: डावीकडे २५० हर्ट्झ म्हणजे खर्जातले आवाज, उजवीकडे ८००० म्हणजे तीक्ष्ण. उभी रेघ डेसिबलची, आणि ती वरून खाली वाढत जाते. खूण जितकी खाली, तितका बहिरेपणा जास्त. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. वयोमानाच्या बहिरेपणाचा एक नमुना बघू: ५०० हर्ट्झला ३०, १००० ला ४०, २००० ला ५५, ४००० ला ७०. चारांची बेरीज १९५, भागिले ४, म्हणजे साधारण ४९ डेसिबल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० च्या आत सामान्य, २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र. म्हणजे हा माणूस ‘मध्यम’ झाला. पण नुसत्या सरासरीवर जाऊ नका. खर्जाच्या बाजूला ३० आणि तीक्ष्ण आवाजांच्या बाजूला ७०, हा उतारच ‘ऐकू येतं पण कळत नाही’ सांगतो.

हेडफोनवरच्या चाचणीनंतर कानामागच्या हाडावर कंपक ठेवून पुन्हा मोजतात. हाडावरून बरं ऐकू येतं आणि हवेतून कमी, असा दोहोंत १० डेसिबलपेक्षा जास्त फरक पडला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. असा फरक असलेला आलेख घेऊन थेट यंत्र विकत घ्यायला जाणं म्हणजे तुंबलेल्या मोरीला मोठा नळ बसवणं. एका कानात चाचणी चालू असताना दुसऱ्या कानात ‘शूऽऽ’ असा आवाज सोडतात, तो चांगला कान मधे बोलू नये म्हणून. दोन कानांत मोठा फरक असूनही हे केलं नसेल तर आलेखावर भरवसा नको. रेघ फक्त ४००० ला खड्ड्यात जाऊन ८००० ला पुन्हा वर येत असेल, तर तो बहुधा गोंगाटाचा मार. ढोल-ताशा पथकांत, प्रेसमध्ये, यंत्रमागावर वर्षं काढलेल्यांच्या कानात हा खड्डा सापडतो.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती शब्द ओळखण्याची चाचणी. पुरेशा मोठ्या आवाजात शब्द ऐकवून, शंभरातले किती बरोबर सांगितले ते बघतात. ती मराठी शब्दांवरच घ्यायला सांगा. हिंदी-इंग्रजी शब्दांत आजी नापास झाल्या तर दोष कानाचा की भाषेचा, ते कळत नाही. गुण ९० च्या आसपास असतील तर यंत्राचा फायदा छान होईल. ५० च्या खाली असतील तर यंत्र आवाज पोहोचवेल, पण शब्द पूर्ण उलगडणार नाहीत. हे घरच्यांना आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे ‘एवढे पैसे घातले तरी’ हे वाक्य टळतं. उत्तम यंत्रानेही फायदा होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने शंखिकेत बसवून नसेला थेट संदेश देणाऱ्या उपकरणाचा, सल्ला घ्यायचा. ती शस्त्रक्रिया फक्त लहान मुलांचीच असते असं नाही.

यंत्र निवडताना

कानामागे बसणारं, कानामागे बसून पातळ तारेने स्पीकर आत सोडणारं, पूर्ण कानात जाणारं आणि तारेने जोडलेलं खिशातलं, हे नेहमीचे प्रकार. कानात लपणारं यंत्र दिसत नाही म्हणून सगळ्यांना हवं असतं. पण त्याची बॅटरी नखाएवढी, मळाने लवकर बंद पडणारं, आणि थरथरत्या बोटांना ते धरताच येत नाही. सत्तरीपुढच्या बहुतेकांना कानामागचंच सोयीचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी खिशातलं जुनं मॉडेल आजही वाईट नाही: स्वस्त, बटणं मोठी, पेन्सिल सेलवर चालणारं. फक्त ते सदऱ्याला घासलं की खरखरतं.

किमती एका कानाच्या १५ हजारांपासून दोन-अडीच लाखांपर्यंत जातात. दोन्ही कान सारखे गेलेले असतील, तर एका कानात महागडं घालण्यापेक्षा दोन्ही कानांत मध्यम दर्जाचं घालणं बरं. आवाज कुठून आला आणि गोंगाटात कोण बोलतंय, हे मेंदू दोन कानांची तुलना करूनच ठरवतो. चॅनेल किती, म्हणजे यंत्र आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे हाताळतं, यापेक्षा हे विचारा: जवळपास दुरुस्ती होते का, घरी वापरून बघायला किती दिवस मिळतील, आणि जुळणी करताना कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज मोजणार का? हे शेवटचं फार महत्त्वाचं. प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी असते. नुसत्या संगणकाच्या अंदाजाने लावलेलं यंत्र पुष्कळदा वरच्या पट्टीत कमी पडतं, म्हणजे जिथे गरज तिथेच.

चार्जिंगचं की सेलचं? बोटं साथ देत नसतील तर चार्जिंगचं. गावी वीज जाते-येते, किंवा वारीसारखा लांबचा प्रवास असतो, तर सेलचं. सेलच्या पट्टीला रंग असतो: १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला केशरी, ६७५ ला निळा. दुकानात रंग सांगितला तरी चालतं. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढला की आत हवा शिरते आणि सेल जागा होतो, म्हणून एक-दोन मिनिटं उघडा ठेवून मगच यंत्रात घाला. स्टिकर पुन्हा चिकटवून आयुष्य फारसं वाढत नाही. घरात लहान मूल असेल तर वापरलेला सेल उघड्यावर टाकू नका. गिळला तर लगेच दवाखाना.

पहिला महिना

डबीचं भवितव्य इथे ठरतं. मेंदूला कित्येक वर्षं ज्या आवाजांची सवय राहिलेली नाही, ते सगळे एकदम येतात: पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राची चुरचुर, स्वतःची चप्पल. स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. हे सगळं यंत्र वाईट असल्याची खूण नव्हे.

पहिला आठवडा घरात, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, रोज दोन-तीन तास. दुसऱ्या आठवड्यात चार-सहा तास, टीव्ही आणि दोन-तीन माणसं. तिसऱ्यात बाहेर: भाजीवाला, देऊळ, बँक. लग्नाचा हॉल, हॉटेल ही सर्वांत अवघड परीक्षा असते, ती चौथ्या आठवड्यानंतर. पहिल्याच दिवशी कार्यालयात मशीन लावून नेलं, की ते परत कानात जात नाही.

या काळात एक वही ठेवा. ‘बरोबर नाही’ असं सांगून ऑडिओलॉजिस्टला काही करता येत नाही. ‘कुकरची शिटी टोचते’, ‘नातवाचं कळत नाही, मुलाचं कळतं’, ‘डावीकडचं जेवताना शिटी मारतं’, असं लिहिलेलं असेल तर पंधरा मिनिटांत जुळणी बदलते. दोन-तीन आठवड्यांनी पहिली फेरजुळणी आणि त्यानंतर आणखी एक-दोन होतातच. खरेदी करताना त्या किंमतीत धरलेल्या आहेत का, विचारून घ्या. मात्र कान दुखत असेल किंवा आत जखम झाली असेल तर सवयीची वाट बघायची नाही. यंत्राचा कानात बसणारा भाग, म्हणजे साचा, घासून किंवा बदलून घ्यायचा.

रोजची पाच मिनिटं आणि पावसाळा

सकाळी, रात्रभरात वाळलेला मळ ब्रशने झाडायचा, यंत्र खाली तोंड करून. मग चालू करून मुठीत धरायचं. बारीक शिटी वाजली तर यंत्र जिवंत आहे. (काही नवी यंत्रं शिटी दाबतात; मग कानाला लावून बघायचं.) कानाचा साचा असेल तर आठवड्यातून एकदा तो नळीसकट यंत्रापासून सोडवून कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, नळीतलं पाणी फुंकणीने काढायचं, पूर्ण वाळल्यावर जोडायचा. यंत्राला पाणी लावायचं नाही. नळी साधारण तीन ते सहा महिन्यांत पिवळी, कडक होते; तशी झाली की बदलायची.

अंघोळ, डोक्याला तेल, केसांना रंग, पावडर: या सगळ्याच्या आधी मशीन बाहेर. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर ओलाव्याने जितकी यंत्रं बंद पडतात, तितकी पडून-झडून पडत नसावीत. रात्री सेल काढून, झाकण उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डब्यात ठेवा. सेल डब्याबाहेर, कारण कोरड्या हवेने तो सुकतो. जेलच्या खड्यांचा रंग बदलला की ते दमले. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पिठाची धूळ माइकच्या भोकात जाते. उन्हात, गॅसजवळ, हेअर ड्रायरखाली तर मुळीच नको.

शिटी मारत असेल तर क्रमाने बघा: नीट बसलंय का, कानात मळ आहे का, नळीला चीर गेलीय का, वजन घटून साचा सैल झालाय का. आवाज एकदम बसला असेल तर स्पीकरच्या तोंडची मळाची जाळी बदला. ‘मशीन बिघडलं’ म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं काम त्या एवढ्याशा जाळीने होतं.

घरच्यांनी काय करायचं

यंत्राचे माइक एक-दोन मीटरपर्यंत नीट काम करतात. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने पडतो. म्हणजे स्वयंपाकघरातून दिलेली हाक लाखाच्या यंत्रालाही कळत नाही. समोर या, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, आधी ‘आई’, ‘आप्पा’ अशी हाक मारा, त्यांनी बघितलं की मग बोला. मिक्सर बंद, टीव्ही बारीक. नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदला: ‘साठ’ ऐवजी ‘सहावर शून्य’. औषधाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची वेळ लिहूनच द्या. फोनवर बोलणं लिहून दाखवणारी मराठीतली मोफत ॲपं आहेत, दवाखान्यात ती फार कामाला येतात. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ हे शब्द घरातून हद्दपार करा. म्हाताऱ्या माणसाला ते बरोबर ऐकू येतात.

पैसे आणि कागद

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. श्रवणयंत्र त्या यादीत आहे, पण या रकमेत डिजिटल यंत्र येत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीपुढच्या गरजू ज्येष्ठांना शिबिरांतून यंत्रच देतात. दिव्यांगांना सहाय्यक साधनं देणारी केंद्राची एडिप योजना वेगळी. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे तपासणी आणि यंत्राची सोय होते, आणि खासगीत फसल्यासारखं वाटत असेल तर दुसरं मत घ्यायलाही ती चांगली जागा.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणी होते. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल बहिरेपणा म्हणजे ‘ऐकण्यास कठीण’ आणि ७० च्या पुढे ‘कर्णबधिर’. सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. एकच कान पूर्ण गेला असेल तर हिशेबात तेवढे टक्के भरत नाहीत, त्यामुळे वरच्या नमुन्यातल्या ४९ डेसिबलवाल्यांप्रमाणेच त्यांचीही इथे निराशा होते. अर्जासोबत ऑडिओग्रामची झेरॉक्स द्या. मूळ प्रत फायलीत ठेवा, पुढच्या वर्षीचा आलेख ताडून बघायला आणि यंत्राची फेरजुळणी करायला ती लागणारच आहे.